मूत्रपिंडाची गाठ: रक्त अडवून उष्णता देण्याच्या उपचाराचा इतिहास

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ ही शरीरात होणाऱ्या सर्वांत रक्ताळ गाठींपैकी एक आहे. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा निदान पाचवा हिस्सा त्यांच्यातून जातो. प्रौढ माणसात हा प्रवाह मिनिटाला सुमारे एक लिटर असतो. इथे उपजलेली गाठ याच प्रवाहावर पोसते आणि स्वतःसाठी नव्या वाहिन्याही उगवते. या गाठींमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ‘क्लिअर सेल’ प्रकारात बहुतेक वेळा फॉन हिप्पेल-लिंडाऊ नावाचे जनुक बिघडलेले असते. १९९३ मध्ये हे जनुक सापडले आणि गाठीच्या रक्ताळपणाचा उलगडा होऊ लागला. जनुक निकामी झाले की पेशी प्राणवायू पुरेसा असतानाही तो कमी पडल्यासारखी वागते आणि वाहिन्या वाढवणारी प्रथिने सतत सोडत राहते.

या गाठीवरच्या उपचारांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात रक्त हाच मुख्य प्रतिस्पर्धी राहिला. शल्यविशारदाला त्याची भीती वाटे ती रक्तस्रावामुळे. पुढे उष्णतेने गाठ मारू पाहणाऱ्यांना त्याने वेगळ्या रीतीने सतावले, कारण वाहते रक्त उष्णता घेऊन निघून जाते. गाठीची धमनी आतून बंद करायची आणि मग त्वचेतून सुई घालून गाठ तापवायची, हा जोड-उपचार २००० च्या सुमारास आकाराला आला. त्यातला कोणताही भाग तेव्हा नवा नव्हता. धमनी बंद करण्याचे तंत्र जवळजवळ तीस वर्षांचे होते, सुईने तापवण्याचे दहा वर्षांचे. दोन्ही स्वतंत्रपणे वाढली, दोन्ही आपापल्या मर्यादेपाशी थांबली, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

मूत्रपिंड काढल्यावरही माणूस जगतो, हे प्रथम सिद्ध केले जर्मनीतील हायडेलबर्गच्या गुस्ताव्ह सीमॉन यांनी. २ ऑगस्ट १८६९ रोजी त्यांनी ठरवून, तयारीनिशी एक मूत्रपिंड काढले. त्या स्त्रीला गाठ नव्हती. आधीच्या एका शस्त्रक्रियेनंतर तिची मूत्रवाहिनी भलतीकडे उघडली होती आणि लघवी सतत गळत होती. सीमॉन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून एक मूत्रपिंड उरलेले काम पेलते याची खात्री करून घेतली होती, आणि ती स्त्री बरी झाली. १८८७ मध्ये त्याच हायडेलबर्गमध्ये व्हिन्सेंझ चेर्नी यांनी गाठीपुरता भाग कापून उरलेले मूत्रपिंड राखले. पण रक्तस्राव आवरण्याची साधने अपुरी होती, आणि मूत्रपिंड राखण्याची कल्पना पुढची कित्येक दशके अपवादापुरतीच राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कल उलट्या दिशेला झुकला. टोरोंटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी १९६३ मध्ये आणि मग सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया पुढे प्रमाण ठरली: मूत्रपिंड, त्याभोवतीची चरबी, तिच्यावरचे आवरण, अधिवृक्क ग्रंथी आणि जवळच्या लसिकाग्रंथी, सगळे एकत्र काढायचे. या पद्धतीतला एक नियम पुढच्या कथेसाठी महत्त्वाचा आहे. गाठीला हात लावण्याआधी मूत्रपिंडाची धमनी बांधायची, असा तो नियम. रक्त आधी थांबवा, गाठीकडे नंतर वळा, हा क्रम शस्त्रक्रियेत रुजला तो असा. अडचण इतकीच की मोठ्या गाठीत धमनीपर्यंत पोचणे हेच सर्वांत कठीण काम असे. फुगलेल्या शिरांचे जाळे आडवे येई आणि धमनी हाती लागेपर्यंत पुष्कळ रक्त गेलेले असे.

धमनीपर्यंत पोट न उघडता पोचण्याची वाट क्ष-किरणांच्या विभागातून आली. लिस्बनमध्ये रेनाल्दो दुश सांतुश यांनी १९२९ मध्ये पाठीतून महाधमनीत सुई घालून क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडले आणि पोटातील धमन्यांची चित्रे मिळवली. पद्धत धाडसाची होती, सर्रास वापरण्याजोगी नव्हती. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी ती अडचण एका साध्या युक्तीने सोडवली. मांडीच्या धमनीत सुई, सुईतून लवचीक तार, मग सुई काढून तारेवरून नळी आणि शेवटी तार बाहेर. भोक सुईएवढेच राहते आणि नळी हव्या त्या फांदीपर्यंत नेता येते. आजही जगभर धमनीत शिरण्याची पद्धत हीच आहे. गेल्या शतकातल्या वैद्यकीय शोधांमध्ये इतक्या थोड्या साधनांत इतके मोठे काम करणारे शोध फार नाहीत.

सीटी स्कॅन येण्याआधीच्या त्या काळात मूत्रपिंडातली गाठ साधी पाण्याची पुटकुळी आहे की कर्करोग, हे ओळखण्यासाठी धमनीचे चित्रण हाच सर्वांत भरवशाचा उपाय होता. द्रव्य सोडले की कर्करोगाच्या गाठीत वेड्यावाकड्या वाहिन्यांचे जाळे उमटे आणि क्षणभर सारी गाठ गडद होई. म्हणजे नळी गाठीच्या दाराशी जाऊन उभी राहत होती, चित्र घेत होती आणि परत येत होती. नळीचा उपयोग चित्रापुरता नसून उपचारासाठीही होऊ शकतो, हे ओरेगॉनच्या पोर्टलंड शहरातील चार्ल्स डॉटर यांनी १९६३ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी येथे भरलेल्या परिषदेत ठासून सांगितले. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी ८२ वर्षांच्या एका स्त्रीच्या पायातली अरुंद झालेली धमनी नळ्यांनीच रुंद केली. धमनी उघडता येते, तर ती बंदही करता येईल. डॉटर, योसेफ रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्याने पोटातला रक्तस्राव रुग्णाच्याच रक्ताची गुठळी धमनीत सोडून थांबवल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

मूत्रपिंडाबाबत हा विचार त्याच्याही आधी सुरू झाला होता. १९६९ मध्ये लाली, पीटरसन आणि बुकस्टीन या अमेरिकी डॉक्टरांनी प्राण्यांच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नळीवाटे तोडून दाखवला आणि हा पुढे उपचार ठरू शकेल असे सुचवले. माणसांवरचा जो अनुभव सर्वांत जास्त उद्धृत होतो, तो स्टॉकहोमचा. आल्मगार्ड, फर्नस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची मूत्रपिंड-धमनी त्यांच्याच स्नायूचे बारीक तुकडे सोडून बंद केल्याचे मांडले. आज ते ओबडधोबड वाटते, पण तेव्हा बाजारात यासाठी काहीच तयार मिळत नव्हते; जे हाताशी होते आणि शरीर नाकारणार नाही ते वापरले गेले. फर्नस्ट्रॉम यांचे नाव तीन वर्षांनी पुन्हा येते: त्वचेतून छिद्र पाडून मूत्रपिंडातला खडा काढण्याची पद्धत १९७६ मध्ये त्यांनी योहान्सन यांच्यासह मांडली. धमनीतली नळी आणि त्वचेतले छिद्र, या दोन्ही वाटा एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या होत्या, पण त्या एकाच गाठीपाशी मिळायला अजून पाव शतक बाकी होते.

१९७० च्या दशकात धमनी बंद करण्याच्या द्रव्यांची झपाट्याने भर पडली. शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला वापरला जाणारा जिलेटिनचा स्पंज बारीक कापून सोडला जाऊ लागला. तो काही आठवड्यांत विरघळतो. एस. मूर्ती तडवर्ती आणि कुर्ट अम्प्लाट्झ यांच्या मिनेसोटातील गटाने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कण वापरात आणले, जे विरघळत नाहीत. चेझारे जियानटुर्को यांनी १९७५ मध्ये पोलादी तारेचे वेटोळे आणले. नळीत सरळ राहणारी ही तार धमनीत उतरली की गुंडाळली जाते आणि तिला बांधलेल्या लोकरीच्या धाग्यांवर रक्त साकळते. १९८० च्या सुमारास शुद्ध अल्कोहोलही वापरले जाऊ लागले. ते वाहिनीच्या आतल्या अस्तरालाच मारते आणि केशवाहिन्यांपर्यंत पोचते. मागे उसळून दुसऱ्या अवयवात जाऊ नये म्हणून ते सोडताना धमनीत फुगा फुगवून ठेवावा लागतो.

शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी धमनी बंद केली तर रक्त कमी जाते आणि गाठ सोडवणे सोपे होते, हा अनुभव लवकरच सर्वत्र आला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील सिडनी वॉलेस यांनी १९८१ मध्ये शंभर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पण त्याच काळात एक मोठी आशाही या तंत्राला चिकटली. रक्त तुटून मेलेल्या गाठीतले पदार्थ शरीरात पसरतात आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती जागी होऊन दूरवर पसरलेला कर्करोगही मागे हटतो, असे काही जणांना वाटत होते. मोजक्या रुग्णांत तसे दिसलेही. अमेरिकेतील साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुपने १९८५ मध्ये आपला अभ्यास मांडला, तेव्हा ती आशा टिकली नाही. धमनी बंद करून मग मूत्रपिंड काढल्याने पसरलेल्या आजारात सांगण्याजोगा फायदा दिसला नाही.

शिवाय संपूर्ण मूत्रपिंडाची धमनी बंद करण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागे. ताप, कुशीत तीव्र दुखणे, मळमळ, उलट्या असा त्रास काही दिवस बहुतेकांना होई. आणि नुसते धमनी बंद करून गाठ पूर्ण मरत नसे. कडेच्या पेशी आजूबाजूच्या आवरणातून, अधिवृक्क ग्रंथीच्या वा कंबरेच्या वाहिन्यांतून रक्त ओढून तग धरत, आणि काही महिन्यांत गाठ नव्या वाटेने पुन्हा पोसली जाई. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र दोन कामांपुरते उरले: फार मोठ्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधीची तयारी, आणि शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णाचा रक्तस्राव किंवा वेदना थांबवणे. ज्या तंत्राने इतके वचन दिले, त्याची ही माघार पाहता ते विस्मरणातही गेले असते. ते वाचले, कारण दुसऱ्या टोकाला उष्णतेची सुई तयार होत होती.

या सुईची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ आर्सेन दार्सोनव्हाल यांनी १८९१ मध्ये दाखवले की सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह शरीरातून गेला तरी स्नायूंना झटका बसत नाही. ऊती मात्र तापते. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने मेंदूच्या शस्त्रक्रियेत अशा प्रवाहाने रक्त थांबवले आणि विद्युत-दहनाचे उपकरण शस्त्रक्रियागृहात स्थिरावले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात जॉन मॅकगॅहन यांनी आणि इटलीत सांद्रो रोसी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हाच प्रवाह टोकाशिवाय सर्वत्र झाकलेल्या सुईने प्राण्यांच्या यकृतात खोलवर सोडला. टोकाभोवती शिजलेल्या ऊतीचा गोळा तयार झाला. माणसाच्या यकृतातल्या गाठींवर हे तंत्र थोड्याच वर्षांत सुरू झाले.

मूत्रपिंडाकडे लक्ष वळण्याचे कारण वेगळे होते. १९७० च्या दशकात सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले, आणि पोटदुखी किंवा पित्ताशयाच्या खड्यासाठी तपासणी करताना मूत्रपिंडात अचानक दोन-तीन सेंटिमीटरच्या गाठी दिसू लागल्या. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ, ही जुनी लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी. अशा लहान गाठीसाठी संपूर्ण मूत्रपिंड काढणे जड वाटू लागले. एक मूत्रपिंड गमावलेल्या रुग्णांत पुढे मूत्रपिंडाचा जुनाट विकार अधिक होतो, हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्राने २००६ मध्ये स्पष्टच दाखवले. चेर्नींनी १८८७ मध्ये केलेली गाठीपुरती शस्त्रक्रिया आता प्रतिष्ठित झाली. तरी वय फार झालेले, हृदय अशक्त असलेले, एकच मूत्रपिंड उरलेले किंवा दोन्हीकडे वारंवार गाठी होणारे रुग्ण राहिलेच, आणि त्यांच्यासाठी सुई हाच पर्याय पुढे आला.

ब्रसेल्सच्या झ्लोटा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी मूत्रपिंडातल्या गाठी तापवून पाहिल्या. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील मॅकगव्हर्न आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्वचेतून सुई घालून केलेल्या उपचाराची नोंद दिली. त्याच रुग्णालयात डेब्रा गर्व्हेस यांच्या गटाने सहा वर्षांत ८५ रुग्णांच्या १०० गाठींवर हे तंत्र वापरले आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या सर्व गाठी पूर्ण मेल्या. बाहेरच्या बाजूला, चरबीत वाढलेल्या गाठीही मेल्या, कारण चरबी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अपयश एकवटले होते ते तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या आणि आत, मूत्रपिंडाच्या मध्यभागाकडे शिरलेल्या गाठींत. दरम्यान २००२ मध्ये टोरोंटोच्या एका गटाने अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट प्रसिद्ध केली होती. त्यांनी तापवलेल्या गाठी नंतर शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, आणि काहींत जिवंत कर्कपेशी आढळल्या. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच या उपचाराच्या अनिश्चिततेचा उल्लेख होता. तो इशारा प्रामाणिक होता आणि गरजेचाही.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नव्हते. पेशी ५० अंश सेल्सिअसच्या थोडे वर काही मिनिटांत मरते. ६० अंशांपुढे तिच्यातली प्रथिने जवळपास तत्क्षणी गोठतात. पण १०० अंश ओलांडले की ऊतीतले पाणी वाफ होते, सुईभोवती कोळसा धरतो आणि प्रवाहच अडतो. म्हणजे तापमान हव्या त्या पट्ट्यात ठेवायचे आणि तेही गाठीच्या कडेपर्यंत. सुईचा प्रवाह टोकाजवळची ऊतीच थेट तापवतो. त्यापुढे उष्णता हळूहळू झिरपत जाते. वाटेत वाहिनी आली की तिच्यातले ३७ अंशांचे रक्त ती उष्णता उचलून नेते. वाहत्या नळाखाली धरलेले भांडे चुलीवर तापत नाही, तसेच हे. रक्तप्रवाह ऊतीतली उष्णता कशी हलवतो याचे गणित हॅरी पेन्स यांनी १९४८ मध्येच, माणसाच्या हातातल्या ऊतींचे तापमान मोजून मांडले होते. ते समीकरण आता या नव्या सुईच्या कामाला आले.

प्रयोगांनीही तेच सांगितले. नहुम गोल्डबर्ग आणि बोस्टनमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की यकृताचा रक्तप्रवाह थांबवून सुई चालवली तर शिजलेला भाग स्पष्टपणे मोठा होतो. क्लीव्हलँडमध्ये आशॉफ, लुईन आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या मूत्रपिंडावर तोच प्रयोग केला. धमनीत फुगा फुगवून प्रवाह अडवला आणि एमआरआयखाली सुई चालवली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात प्रवाह बंद असताना दहनाचा भाग मोठा झालेला दिसला. मूत्रपिंडासारख्या रक्ताळ अवयवात हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. शस्त्रक्रियेत धमनीला चिमटा लावून हे साधता येते, पण उष्ण शरीरात रक्ताविना मूत्रपिंड साधारण अर्धा तासच सुखरूप राहते. गाठीपुरता प्रवाह थांबवणे आणि बाकीच्या मूत्रपिंडाचा चालू ठेवणे, हे काम चिमट्याचे नव्हते. त्यासाठी नळीच हवी होती.

यकृताने वाट आधी दाखवली होती. जपानमध्ये ओसाकाचे र्‍यूसाकू यामादा आणि इतरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून यकृताच्या कर्करोगाची धमनी बंद करण्याचे तंत्र रुजवले होते, आणि १९९९-२००० मध्ये इटलीच्या बुस्कारिनी व रोसी यांच्या गटांनी यकृतात धमनी बंद करणे आणि सुईचे दहन यांची जोड दिली. मूत्रपिंडातल्या पहिल्या नोंदींपैकी एक २००० मध्ये सॅक्रामेंटोहून आली. हॉल, मॅकगॅहन, लिंक आणि डीव्हिअर व्हाइट यांनी मूत्रपिंडातील घट्ट गाठीवर आधी धमनी बंद करून मग सुईने दहन केल्याचा एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. यातले मॅकगॅहन म्हणजे १९९० मध्ये प्राण्यांच्या यकृतात सुई घालणारेच. पुढच्या वर्षी जर्मनीतील आखेनहून टाके, मानकेन आणि सहकाऱ्यांनी पाच सेंटिमीटरची गाठ याच क्रमाने, मूत्रपिंड राखून, नष्ट केल्याचे मांडले. सुई एकटी जिथे डळमळू लागते त्या तीन सेंटिमीटरच्या सीमेपलीकडे ही गाठ होती. पुढे जपानच्या मिए विद्यापीठातील यामाकादो आणि सहकाऱ्यांनी साडेतीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या, शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या गाठींवरचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि एकेका रुग्णाच्या वृत्तान्तापुरत्या राहिलेल्या या कल्पनेला पद्धतीचे रूप आले.

यकृताची नक्कल मूत्रपिंडात जशीच्या तशी करता येत नव्हती, हे इथे सांगितले पाहिजे. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. कर्करोगाची गाठ धमनीवर जगते, तर निरोगी यकृताला बहुतांश रक्त प्रतिहारी शिरेतून येते. धमनी बंद केली तरी यकृत तगते. मूत्रपिंडाला ही सोय नाही. त्याच्या धमनीच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या नसतात, हे एफ. टी. ग्रेव्हज यांनी १९५४ मध्ये तपशिलाने दाखवले होते. एक फांदी बंद झाली की तिच्या वाट्याचा भाग मेलाच. म्हणून १९७३ च्या रीतीने अख्खी धमनी बंद करून मूत्रपिंड राखण्याचा उपचार होऊच शकत नव्हता. १९८० च्या दशकात मेंदूतल्या वाहिन्यांसाठी बनलेल्या, मुख्य नळीच्या पोटातून पुढे जाणाऱ्या बारीक नळ्यांनी हे शक्य केले. या नळ्या एक मिलिमीटरहून बारीक असतात आणि गाठीला पोसणाऱ्या नेमक्या फांदीत शिरतात. जोड-उपचार त्याआधीच्या पिढीला सुचला असता तरी करता आला नसता.

उपचाराचा क्रम केंद्रागणिक थोडा बदलतो, गाभा तोच राहतो. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेतात, चित्र घेऊन गाठीच्या फांद्या ओळखतात आणि बारीक नळी त्यांत सरकवतात. मग कण किंवा अल्कोहोल सोडले जाते. पुष्कळ ठिकाणी त्यात लिपिओडॉल मिसळतात. हे खसखशीच्या तेलात आयोडीन बांधून केलेले द्रव्य पॅरिसमध्ये मार्सेल गेर्बे आणि लोराँ लाफे यांनी १९०१ मध्ये तयार केले होते. गाठीत ते साचून राहते आणि साध्या सीटी स्कॅनमध्ये गाठ पांढरीशुभ्र उठून दिसते. याचा फायदा दुसऱ्या टप्प्यात कळतो. मूत्रपिंडातली आतली गाठ एरवी सीटी स्कॅनमध्ये आजूबाजूच्या ऊतीसारखीच करडी असते आणि ती दिसण्यासाठी शिरेतून द्रव्य द्यावे लागते. ते द्रव्य अशक्त मूत्रपिंडाला बाधू शकते आणि काही मिनिटांत निघूनही जाते. खसखशीच्या तेलाने रंगवलेली गाठ मात्र सुई नेमकी कुठे पोचली आहे हे सारा वेळ दाखवत राहते, आणि दहन तिच्या कडेपलीकडे गेले की नाही हेही.

दुसरा टप्पा कुठे त्याच दिवशी, कुठे काही दिवसांनी होतो. रुग्णाला पालथे किंवा कुशीवर निजवून सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुई घालतात. आतडे गाठीला चिकटून असेल तर मध्ये पाच टक्के डेक्स्ट्रोजचे द्रावण सोडून त्याला बाजूला सारतात. मिठाचे पाणी इथे चालत नाही, कारण ते वीज वाहून नेते. मूत्रवाहिनी जवळ असेल तर लघवीच्या मार्गाने घातलेल्या नळीतून थंड द्रावण सोडत राहतात, नाहीतर ती भाजून पुढे आक्रसते. मोठ्या गाठीत सुईची जागा बदलून एकमेकांवर चढणारी अनेक दहने करावी लागतात. रक्त अडल्याने प्रत्येक दहनाचा गोळा मोठा होतो, आणि सुई काढताना होणाऱ्या रक्तस्रावाचा धोकाही उतरतो. रक्ताविना आधीच गुदमरलेल्या पेशी उष्णतेला लवकर बळी पडतात, असेही मानले जाते.

गोठवून गाठ मारण्याच्या तंत्रालाही पुढे ही जोड मिळाली. क्योटोच्या उचिदा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्वचेतून सुई घालून मूत्रपिंडाची गाठ गोठवली होती. बर्फाचा गोळा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो आणि दुखणे कमी होते, हे त्याचे गुण. पण उष्णता वाहिन्या भाजून बंद करते, थंडी तसे करत नाही. बर्फ वितळला की भोकांतून रक्त वाहू शकते, आणि मोठ्या गाठीत सुया अनेक लागतात. अलाबामातील बर्मिंगहॅमच्या अँड्र्यू गन यांच्या गटाने २०१८ मध्ये आधी धमनी बंद करून केलेल्या उपचारांतला रक्तस्राव आणि सुरक्षितता तपासली. इथे धमनी बंद करण्याचे पहिले प्रयोजन रक्त वाचवणे हेच आहे. धमनी आधी, गाठ नंतर, हा क्रम रॉबसन यांनीही सांगितला होता.

मायक्रोवेव्हच्या सुयांनी चित्र आणखी बदलले आहे. त्या ऊतीला विद्युत्प्रवाहावर अवलंबून न राहता तापवतात, तापमान १०० अंशांच्या वर सहज जाते, आणि रक्तप्रवाहाची थंडाई त्यांना तितकीशी अडवत नाही. त्यामुळे नुसती उष्णता वाढवण्यासाठी धमनी बंद करण्याची गरज काही केंद्रांत कमी भासते; रक्तस्राव टाळणे आणि गाठ उठून दिसणे ही कारणे उरतात. लहान, बाहेर वाढलेल्या गाठीला दोन टप्प्यांचा त्रास देणे कोणत्याही सुईबाबत समर्थनीय नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सुईचा उपचार तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींसाठी पर्याय म्हणून मांडला आहे. जोड-उपचाराचे क्षेत्र त्या मर्यादेच्या पलीकडे, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांत आणि मध्यभागाकडे शिरलेल्या गाठींत आहे.

यकृतात ही जोड खरोखर उपयोगी पडते का, हे चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी केलेल्या चाचणीत तपासले गेले. चीनमधील ग्वांगचौ येथे १८९ रुग्णांवर झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जोड-उपचाराच्या बाजूने लागली. मूत्रपिंडाचा पुरावा त्या पायरीवर आलेला नाही. तो मुख्यतः एकेका रुग्णालयाच्या मागे वळून पाहिलेल्या नोंदींचा आहे. रुग्ण थोडे, गाठींचे आकार वेगवेगळे, वापरलेली द्रव्ये वेगवेगळी, आणि तुलनेसाठी नुसत्या सुईने उपचार केलेला गट क्वचितच. शस्त्रक्रिया न झेपणारे वृद्ध रुग्ण आधीच कमी, त्यांतही मोठी गाठ असलेले आणखी कमी, म्हणून तशी चाचणी उभी करणे अवघड जाते. तोवर जोड-उपचार द्यायचा की नाही हा निर्णय गाठीचा आकार, तिची जागा, उरलेल्या मूत्रपिंडाची ताकद आणि त्या केंद्राचा हात किती बसलेला आहे यांवर रुग्णागणिक घेतला जातो. उपचारानंतर काही महिन्यांच्या अंतराने सीटी स्कॅन किंवा एमआरआय करत राहावे लागते, आणि गाठीच्या कडेला द्रव्य शोषणारा ठिपका दिसला तर सुई पुन्हा घातली जाते.